मिखाऊ बॉयम : चिनी नाडीपरीक्षा युरोपात नेणारा पोलिश पाद्री

१६८२ साली फ्रँकफर्ट येथे चिनी वैद्यकावरचा एक लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. मनगटावरची नाडी कशी पाहावी, जिभेच्या रंगावरून आजार कसा ओळखावा, शरीरातील वाहिन्यांचे मार्ग कोणते आणि कोणत्या औषधीचा गुण काय, हे सारे त्यात आकृत्यांसह दिलेले होते. ग्रंथाच्या शीर्षकपानावर आन्द्रेयास क्लायर याचे संपादक म्हणून नाव होते. हा जर्मन वैद्य बटावियात, म्हणजे आजच्या जकार्तात, डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. मजकुराचा मोठा भाग मात्र मिखाऊ बॉयम या पोलिश जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मप्रसारक संघातील, पाद्र्याच्या हस्तलिखितांतून आलेला होता, आणि त्याचे नाव त्या पानावर कोठेच नव्हते. बॉयमला जाऊन तोवर तेवीस वर्षे झाली होती.

पोलंड आणि चीन यांच्या जुन्या संबंधांविषयी जे लिहिले जाते, त्यात बॉयम बहुधा राजदूत म्हणून येतो. चीनच्या मिंग राजघराण्याच्या शेवटच्या दावेदाराच्या दरबारातील पत्रे घेऊन तो पोपकडे गेला, ही गोष्ट रोमहर्षक आहे यात शंका नाही. परंतु ती वकिली निष्फळ ठरली. माझ्या मते बॉयमचे खरे कार्य त्या वकिलीच्या फटीफटींतून, म्हणजे बोटीवर, नजरकैदेत आणि रोममध्ये भेटीची वाट पाहत घालवलेल्या वर्षांत झाले. चीनकडे धर्मप्रसाराचे क्षेत्र म्हणून पाहायला शिकवलेला हा माणूस त्या देशाच्या विद्येपुढे विद्यार्थी म्हणून बसला, आणि म्हणूनच तो मला महत्त्वाचा वाटतो.

पोलंडमधून पूर्वेकडे जाणारा तो पहिला नव्हे. व्रोत्सवाफचा बेनेडिक्ट हा फ्रान्सिस्कन साधू १२४५ साली पोपचा दूत जोव्हान्नी दा पियान देल कार्पिने याच्यासोबत निघाला आणि १२४६ च्या उन्हाळ्यात, गुयुक खानाच्या राज्यारोहणाच्या वेळी, काराकोरमजवळच्या मंगोल छावणीत पोहोचला. परंतु त्याने चीन पाहिला नाही, फक्त त्याच्याविषयी ऐकले. चिनी ग्रंथ उघडून वाचण्याची गोष्ट सतराव्या शतकातली आहे.

बॉयमचा जन्म १६१२ च्या सुमारास ल्वूफ येथे झाला. हे शहर आज युक्रेनमध्ये असून ल्वीव या नावाने ओळखले जाते. घराणे मुळचे हंगेरीचे होते, आणि त्याच्या आजोबांनी बांधायला घेतलेले, कोरीव दगडी दर्शनी भागाचे बॉयम चॅपेल त्या शहरात अजूनही उभे आहे. वडील राजा तिसरा सिगिस्मंड वासा याच्या दरबारी वैद्य होते. वैद्याच्या घरात वाढलेला मुलगा पाद्री झाला तरी त्याची नजर वैद्याची राहिली, असे त्याचे लेखन वाचताना वारंवार वाटते. १६३१ मध्ये तो क्राकूव येथे जेझुइट संघात दाखल झाला आणि १६४३ मध्ये लिस्बनहून जहाजाने निघाला. मोझांबिकला थांबला असताना तेथील माणसांविषयी आणि प्राण्यांविषयी त्याने लिहून ठेवले. नंतर गोवा, मग मकाव आणि पुढे हैनान बेट असा त्याचा प्रवास झाला.

तो चीनमध्ये पोहोचला तेव्हा तो देश उलथापालथीत होता. १६४४ मध्ये बीजिंग पडले, मांचूंनी छिंग राजवट स्थापन केली, आणि मिंग घराण्यातील राजपुत्र दक्षिणेकडे सरकत राहिले. त्यांपैकी शेवटचा योंगली. त्याच्या दरबारात आन्द्रेयास कोफ्लर या जेझुइटाने राजमाता, सम्राज्ञी आणि लहानग्या युवराजालाही बाप्तिस्मा दिला होता. ज्येष्ठ राजमाता आता हेलेना झाली होती आणि दरबारातील प्रभावी खोजा पांग त्येनशोउ आकिलीस झाला होता. १६५० च्या नोव्हेंबरात या दोघांनी पोपच्या नावे पत्रे लिहिली. हेलेनाचे पत्र रेशमी कापडावर असून ते व्हॅटिकनच्या अभिलेखागारात आजही जपून ठेवलेले आहे. पत्रे पोहोचवण्याचे काम बॉयमकडे आले, आणि झेंग आंदे नावाचा एक तरुण चिनी ख्रिस्ती त्याच्यासोबत निघाला.

१६५१ च्या मे महिन्यात दोघे गोव्यात उतरले आणि तेथेच अडकले. पोर्तुगीजांचे गणित सरळ होते. मकावचा व्यापार टिकवायचा तर चीनच्या नव्या सत्ताधीशांना दुखवून चालणार नव्हते, आणि मिंगांचा दूत युरोपात जाणे म्हणजे नेमके तेच होते. गोव्यातील सतराव्या शतकातील पोर्तुगीज कारभाराविषयी वाचतानाच बॉयम मला प्रथम भेटला, आणि तोही नजरकैदेत. डिसेंबरात तो आणि झेंग गुपचूप निसटले, आदिलशाही मुलूख ओलांडून गोवळकोंड्याच्या बाजूने गेले आणि पुढे इराणात शिराझ व इस्फहानमार्गे अनातोलियाकडे वळले. स्मिर्ना, म्हणजे आजचे इझमीर, गाठायला १६५२ चा उन्हाळा सरत आला होता. वर्षअखेरीस ते व्हेनिसमध्ये होते.

रोममधील तीन वर्षांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. पत्रे खरी आहेत का, येथपासून शंका घेतल्या गेल्या. दहावा इनोसंट वारला, सातवा अलेक्झांडर गादीवर आला, आणि १६५५ च्या डिसेंबरात अखेर बॉयमला भेट मिळाली. उत्तराच्या पत्रांत आशीर्वाद आणि प्रार्थनेचे आश्वासन होते. फौज नव्हती, आणि ती पोपच्या हाती नव्हतीही.

या रिकाम्या वाटणाऱ्या वर्षांत बॉयम आणि झेंग यांनी जे केले, ते मात्र तपशीलवार सांगण्याजोगे आहे. शीआन येथे ७८१ सालचा एक शिलालेख १६२५ च्या सुमारास सापडला होता, ज्यात तांग काळात चीनमध्ये आलेल्या सीरियाई ख्रिस्ती पंथाचा इतिहास कोरलेला आहे. युरोपातील अनेकांना तो जेझुइटांनी रचलेला बनाव वाटत होता. बॉयम आणि झेंग यांनी संपूर्ण चिनी मजकूर उतरवून काढला, प्रत्येक चिनी अक्षराला क्रमांक दिला, त्या क्रमांकाखाली रोमन लिपीत उच्चार दिला आणि शब्दागणिक लॅटिन अर्थ लावला. अथानासियुस किर्शर या जर्मन जेझुइट विद्वानाने १६६७ मध्ये आम्स्टरडॅमला छापलेल्या चीनविषयक ग्रंथात हे सारे आले. चिनी भाषेचा एक अक्षरही न जाणणारा युरोपीय वाचक क्रमांक धरून त्या शिलालेखातून चालू शकेल, अशी ही मांडणी होती. शंकेखोरांना दटावण्याऐवजी मूळ मजकूरच त्यांच्यापुढे उलगडून ठेवण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते. अक्षरे झेंगच्या हातची असावीत असे मानले जाते. बॉयमने १६५३ मध्ये रोमहून लिहिलेल्या पत्रात त्याचेही नाव आहे.

१६५६ मध्ये व्हिएन्नाला 'फ्लोरा सिनेन्सिस' प्रसिद्ध झाले. चीनच्या वनस्पतींविषयी युरोपात छापलेल्या पहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते. पुस्तक आकाराने लहान आहे. एकेका वनस्पतीचे चित्र, त्यावर चिनी अक्षरांत नाव, त्याचा उच्चार आणि लॅटिनमध्ये वर्णन अशी त्याची रचना आहे. लिची, दालचिनी, आले, रेवंदचिनी हे त्यात असणे ओघानेच आले. परंतु पाने उलटताना मराठी वाचक थबकेल तो आंबा, फणस, काजू, पपई आणि अननस यांच्या चित्रांपाशी. पपईचे झाड तर अगदी आपल्या परसातले वाटावे असे आहे, सरळ खोड, वर पानांची छत्री आणि तिच्याखाली खोडालाच लगडलेली फळे. यांतली काजू, पपई आणि अननस ही अमेरिकेतून पोर्तुगीज जहाजांबरोबर आलेली, तर आंबा आणि फणस हे भारताचे. म्हणजे 'चीनची वनसंपदा' म्हणून छापलेले हे पुस्तक वस्तुतः मोझांबिक, गोवा, मकाव, हैनान या सागरी मार्गावर काय पिकत होते आणि काय विकले जात होते त्याची नोंद आहे. काही अभ्यासक यात उणीव पाहतात. मला ते त्या काळाचे अधिक खरे चित्र वाटते, कारण दक्षिण चीनच्या बंदरांत बॉयमने ही फळे खरोखरच पाहिली होती.

याखेरीज त्याने चीनचे प्रांतवार नकाशे काढले. त्या नकाशासंग्रहाचे हस्तलिखित व्हॅटिकन ग्रंथालयात आहे. पण त्याच्या साऱ्या कामाचा गाभा वैद्यकात आहे. वांग शूहे हा इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील चिनी वैद्य. त्याच्या नावावर चालत आलेल्या नाडीशास्त्राचा बॉयमने लॅटिनमध्ये अनुवाद केला. मनगटावर एकमेकांशेजारी तीन जागा, तीन बोटांनी दाबायच्या. प्रत्येक जागी आधी हलका, मग मध्यम आणि शेवटी खोल दाब द्यायचा. दोन्ही हातांच्या या जागा हृदय, यकृत, फुप्फुस, प्लीहा, मूत्रपिंड अशा वेगवेगळ्या अवयवांची खबर देतात, असे हे शास्त्र सांगते. तर्जनी, मध्यमा आणि अनामिका मनगटावर टेकवून वात, पित्त, कफ पाहणारे वैद्य आपल्याकडे अजून आहेत, त्यामुळे मराठी वाचकाला हे चित्र डोळ्यांपुढे आणायला कष्ट पडणार नाहीत. युरोपातही नाडी पाहिली जाई, पण मनगटावर अशा वेगवेगळ्या जागी ती पाहून प्रत्येक जागेचा संबंध वेगळ्या अवयवाशी जोडण्याची पद्धत तेथे नव्हती. बॉयमने हे शास्त्र युरोपीय साच्यात कोंबले नाही. यिन आणि यांग, पाच तत्त्वे, वाहिन्यांमधून फिरणारा प्राण, ही त्या शास्त्राची स्वतःची परिभाषा त्याने आधी समजावून दिली आणि मग नाडीकडे वळला. सतराव्या शतकातील धर्मप्रसारकाकडून, जो दुसऱ्याच्या समजुती खोडण्यासाठी पाठवला जातो, हा धीर आणि हा आदर मिळणे ही मोठी गोष्ट आहे.

पोपचे उत्तर घेऊन तो १६५६ मध्ये लिस्बनहून परत निघाला. सोबतचे काही पाद्री वाटेत दगावले. मकावची वाट पोर्तुगीजांनी बंद केली होती, म्हणून तो सयाम (आजचे थायलंड) आणि तोंकिन (उत्तर व्हिएतनाम) मार्गे चीनच्या सीमेकडे सरकला. तोवर योंगली ब्रह्मदेशात पळाला होता आणि हेलेना कित्येक वर्षांपूर्वीच वारली होती. तिला उद्देशून लिहिलेले पत्र बॉयमजवळ तसेच होते. २२ ऑगस्ट १६५९ रोजी ग्वांगशी प्रांतात त्याचा मृत्यू झाला, आणि झेंगने त्याला तेथेच पुरले. योंगलीला पुढे ब्रह्मदेशातून धरून आणून १६६२ मध्ये मारण्यात आले.

हस्तलिखितांचा प्रवास मात्र चालू राहिला. ती बटावियात पोहोचली, आणि त्यांतून क्लायरचा ग्रंथ निघाला. १६८६ मध्ये नाडीशास्त्राचा आणखी एक भाग छापला गेला तेव्हा बॉयमचे नाव शीर्षकपानावर आले. जॉन फ्लॉयर हा इंग्रज वैद्य १७०७ मध्ये घड्याळ लावून नाडी मोजण्याविषयी पुस्तक लिहितो, त्यात तो चिनी नाडीपरीक्षेची सविस्तर चर्चा करतो. ती माहिती त्याला क्लायरच्या ग्रंथातून, म्हणजे मूळ बॉयमच्या अनुवादातून मिळाली होती. ठोके मोजण्याची सवय पाश्चात्त्य वैद्यकात रुजू लागली, त्या घडामोडीत ल्वूफच्या वैद्यपुत्राचाही एक धागा आहे.

याच काळात यान मिकोवाय स्मोगुलेत्स्की हा दुसरा पोलिश जेझुइट नानजिंगमध्ये श्युए फेंगत्सो या चिनी विद्वानाला लॉगॅरिदम, म्हणजे गुणाकाराचे काम बेरजेने करण्याची गणिती रीत, शिकवत होता. चीनमध्ये लॉगॅरिदमची ओळख त्या दोघांच्या ग्रंथांतून झाली. तेथे विद्या युरोपातून चीनकडे गेली, बॉयमकडे ती चीनमधून युरोपात आली. दोन्हीकडे एक पोलिश आणि एक चिनी माणूस एकत्र बसल्याशिवाय काम झाले नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

बॉयमचे श्रेय त्याला परत मिळवून देण्यात पोलंडमधील अभ्यासकांचा, विशेषतः एडवर्ड काय्दान्स्की यांचा, मोठा वाटा आहे. १९२५ मध्ये चीनमधील हार्बिन येथे जन्मलेले आणि पुढे पोलंडच्या परराष्ट्र सेवेत राहिलेले काय्दान्स्की यांनी आयुष्याचा मोठा भाग बॉयमच्या वैद्यकीय लेखनाचा माग काढण्यात घालवला. याच न्यायाने झेंग आंदेचेही नाव शीर्षकपानावर यायला हवे, असे मला मनापासून वाटते. शिलालेखाच्या अक्षरांत त्याचा हात होता, गोव्यापासून इझमीरपर्यंतची पायपीट त्याचीही होती, आणि लॅटिनमध्ये उतरलेल्या चिनी मजकुराच्या कितीतरी ओळी बॉयमने प्रथम त्याच्याच तोंडून समजून घेतल्या असतील.