बसलं एकदाचं ग्राफिक्स कार्ड!

आज डेस्कटॉपमध्ये नवीन कार्ड टाकलं. बसवायचं काम चटकन झालं, डोकं खाल्लं ते निवडण्यानं.

जो तो व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) किती, एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) किती एवढंच विचारतो. पॉवर सप्लायचं, म्हणजे एसएमपीएसचं, नाव कुणी काढत नाही. माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी. कार्ड बसतं तो मदरबोर्डवरचा पीसीआय एक्सप्रेसचा लांब स्लॉट कार्डाला ७५ वॅट देतो, ६ पिनांची वायर आणखी ७५ आणि ८ पिनांची १५०. माझ्या एसएमपीएसला ८ पिनांची एकच वायर. म्हणजे सगळा खेळ २२५ वॅटच्या आत. अर्धी यादी तिथंच बाद! मग टेप घेऊन कॅबिनेट मोजलं. तीन पंख्यांची बरीचशी कार्डं ३० सेंटीमीटरच्या आसपास जातात, आणि इथं हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा. दोन पंख्यांचं घेतलं. मिरवायचंय कुणाला?

प्लग काढला, पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवली, कॅबिनेटच्या मागच्या दोन पट्ट्या काढल्या आणि कार्ड सरळ खाली दाबलं. स्लॉटच्या टोकाची चिमुकली खिट्टी 'टक्' करून बसली. काय गोड आवाज! मग स्क्रू, वायर. आणि हो, मॉनिटरची केबल मदरबोर्डवरून काढून कार्डालाच लावायची.

चालू केलं तर पंखे ढिम्म. छातीत धस्स झालं. पण हल्लीची बरीच कार्डं गार असताना पंखे फिरवतच नाहीत. ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून गेम उघडला, तेव्हा कुठं गरगरले. बाकी सेटिंगची खटपट उद्या.