लिथियम, डायक्लोफेनॅक आणि मराठवाड्याचा उन्हाळा

दोन वेगवेगळी औषधं, दोन्ही पुरेशा डोसमध्ये सहा ते आठ आठवडे रोज घेतली आणि तरी फरक नाही, तेव्हाच नैराश्य औषधाला दाद देत नाही असं म्हणावं. अनेकदा चिठ्ठीवर सर्ट्रालिन ही नैराश्याची गोळी ५० मिलिग्रॅमवरच महिनोन्‌महिने अडकलेली असते. ती २०० पर्यंत वाढवता येते. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घ्या. माळकरी घरात किंवा मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ हमखास बघावं. दारूबद्दल आणि पूर्वी कधी उन्मादाचा झटका आला होता का, याबद्दल घरच्यांनाही विचारावं लागतं.

एवढं करूनही नैराश्य हटत नसेल, तर चालू गोळीला जोड म्हणून लिथियम देतात. जुनं, स्वस्त आणि चांगलं औषध आहे, पण रक्तातलं प्रमाण मोजल्याशिवाय ते चालवू नये. सुरू करण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) या रक्ततपासण्या. सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर पाच ते सात दिवसांनी रक्त द्यायचं, तेही रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी. सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावरच घ्यायची, नाहीतर आकडा खोटा येतो. साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर एवढं प्रमाण पुरतं.

आपल्या भागात खरी अडचण एप्रिल-मेमध्ये येते. लिथियम मूत्रपिंडातून बाहेर पडतं. रानात दिवसभर घाम गाळला, जुलाब लागले, किंवा बीपीसाठी मीठ एकदम तोडलं, की शरीर मिठाबरोबर लिथियमही धरून ठेवतं. त्यात कंबरदुखीसाठी मेडिकलवरून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणलं, की प्रमाण आणखी चढतं. अंगदुखीला पॅरासिटामॉल घ्या. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, हायड्रोक्लोरोथायझाइड अशा बीपीच्या गोळ्याही प्रमाण वाढवतात, म्हणून बीपीच्या डॉक्टरांना लिथियम चालू आहे हे सांगितलंच पाहिजे.

हात बारीक थरथरणं चालतं. पण थरथर ठळक झाली, उलट्या-जुलाब लागले, जीभ जड झाली, चाल दारू प्यायल्यासारखी झाली, तर पुढची गोळी देऊ नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. जास्त गोळ्या एकदम घेतल्या तर जीवावर बेततं; घरात कुणाच्या मनात आत्महत्येचे विचार असतील तर एका आठवड्यापुरत्याच गोळ्या आणाव्यात, आणि त्या दुसऱ्या कुणीतरी सांभाळाव्यात.

ऊसतोडीला सहा-सहा महिने बाहेर जाणाऱ्या माणसाला हे रक्ताचं वेळापत्रक पाळणं कठीण. त्याच्यासाठी लिथियमऐवजी अरिपिप्राझोल ही दुसरी जोडगोळी द्यावी असं आमचं मत आहे: २ ते ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात, रक्तातलं प्रमाण मोजायची गरज नाही. त्रास एकच मोठा. पाय स्वस्थ बसू देत नाहीत, माणूस सतत येरझाऱ्या घालतो. घरचे म्हणतात आजार वाढला, पण ते बहुतेकदा गोळीमुळे असतं. डोस कमी केला की उतरतं. क्वेटियापीनही चालतं, पण झोप फार येते, वजन आणि साखर वाढते.

केटामाइन हे मुळात भुलीचं औषध; हट्टी नैराश्यात ते शिरेतून, ०.५ मिलिग्रॅम प्रतिकिलो, चाळीस मिनिटांत देतात. काही तासांत उतार पडू शकतो, मात्र तो टिकवावा लागतो. बीपी वाढतं, म्हणून ते देखरेखीशिवाय देऊच नये. चौकशी कुठे करावी कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.