गरम झालं की बंद पडणारं इंजिन

पाण्याच्या पंपाचं छोटं पेट्रोल इंजिन होतं. थंड असताना पहिल्याच दोरीला सुरू व्हायचं, अर्ध्या तासाच्या आसपास फटफट करत बंद पडायचं आणि निवलं की पुन्हा शहाण्यासारखं चालू. आणणाऱ्या काकांनी नवा प्लग घातला होता, प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारी कॉइलही नवी बसवून घेतली होती. जुनी कॉइल पिशवीत सोबत होतीच. "ही नवीनपण डुप्लिकेट निघाली बघ," ते म्हणाले.

गरम झाल्यावर बंद म्हटलं की जो तो कॉइलकडेच बोट दाखवतो. त्यात तथ्य आहे. आतली वायर तुटत आली असेल तर उष्णतेने तिचा सांधा सुटतो आणि थंड झाल्यावर परत जुळतो. पण लागोपाठ दोन कॉइलना नेमका तोच रोग? मला पटेना.

असा बिघाड चालू असतानाच पकडावा लागतो, थंड इंजिनाची तपासणी करून हाती काही लागत नाही. प्लग आणि प्लगच्या टोपीच्या मध्ये स्पार्क टेस्टर (ठिणगीचा करंट येत असेल तोवर उजळणारा) लावला, पंपाला पाणी जोडून इंजिन लोडवर चालवलं आणि बसून राहिलो. (प्लग बाहेर काढून बॉडीला टेकवून ठिणगी बघायची पद्धत मला आवडत नाही. उघड्या हवेत कमजोर कॉइलही छान निळी ठिणगी दाखवते, सिलिंडरमधल्या दाबाखाली तिचीच दमछाक होते. शिवाय भोकातून पेट्रोलची वाफ येत असते, ती वेगळी.) बंद पडायच्या क्षणी टेस्टरचा उजेड गेला. लगेच दोरी ओढली, तरी अंधार. म्हणजे टाकीच्या झाकणाचं छिद्र बुजल्याने पेट्रोल अडत असेल ही शंका मिटली.

आता कॉइलवरून स्टॉप वायर काढली. या इंजिनांत स्विच बंद केला की ती वायर कॉइलला अर्थ करते आणि करंट थांबतो. वायर काढली तर स्विच निकामी होतो, इंजिन बंद करायला पेट्रोलचा कॉक फिरवावा लागतो. हे आधी काकांना बजावलं. दोरी ओढली आणि तापलेलं इंजिन तिथल्या तिथे सुरू झालं. नंतर बराच वेळ ओरडत राहिलं, पण बंद पडलं नाही.

कॉइल निर्दोष सुटली. वायर परत जोडून पुन्हा तापवलं, बंद पडू दिलं आणि लगेच वायर कॉइलवरून उपसून मल्टीमीटर लावला. (जोडलेली असताना मोजण्यात अर्थ नाही, कॉइलचं प्रायमरी वाइंडिंगच जवळजवळ शॉर्ट दिसतं.) स्विच 'चालू'वर, एक टोक वायरला, दुसरं बॉडीच्या उघड्या धातूला. बीप! म्हणजे स्विच चालू असूनही वायर कुठेतरी बॉडीला टेकत होती. ऑइल पातळी कमी झाली की करंट तोडणाऱ्या सेन्सरची वायर सोडवली, तरी बीप. स्विचची सोडवली, तरीही बीप. उरला फक्त पंख्याच्या कव्हरखालून जाणारा तुकडा. मीटर हातात धरून मी तसाच बसलो, तर इंजिन निवत गेलं तसा आवाज तुटक झाला आणि मग थांबला.

कव्हर उतरवलं. एका बोल्टच्या बैठकीखाली वायर चिमटली होती. इन्सुलेशन चपटं होऊन कागदासारखं झालेलं. तापून मऊ पडलं की तारा धातूला टेकत. पाती साफ करायला मध्यंतरी कुणीतरी कव्हर काढलं होतं, असं काकांना आठवलं.

तेवढा तुकडा बदलला, वर स्लीव्ह चढवली, वायर तिच्या खाचेतून नेऊन क्लिपमध्ये बसवली. मग काकांच्या पिशवीतली जुनी कॉइल लावली, फ्लायव्हीलच्या मॅग्नेटपासून ०.३ मिमी अंतर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) ठेवून. बिनतक्रार चालली, तापल्यावरही. नवी कॉइल काकांनी पुसून खोक्यात घातली आणि विचारलं, "दुकानदार परत घेईल का रे?"