मांजर घराचं की माणसाचं?

खानापूर-बेळगावकडे सुगी होऊन भात घरात आलं की उंदीर येतात, आणि उंदरांसाठी मांजर आणलं जातं. कामासाठी आणलेलं, म्हणून ‘मांजर घराला धरून राहतं, माणसाला नाही’ असं मानायची सवय पडते. ते खरं नाही. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात 2019 साली पिल्लांना अनोळखी खोलीत आधी त्यांना सांभाळणाऱ्या माणसासोबत, मग दोन मिनिटं एकटं ठेवून पाहिलं. माणूस परत आल्यावर सुमारे 64 टक्के पिल्लं त्याला भेटून निवांत झाली आणि पुन्हा खोली हुंगत फिरू लागली. जीव लागलेलं तान्हं मूल आईजवळ असंच वागतं.

ही ओढ लहानपणीच लागते, वय 2 ते 7 आठवडे असताना. आपल्याकडे भाटी माळ्यावर नाहीतर गवताच्या गंजीत विते. पिल्लं माणसांत येईपर्यंत हे दिवस निघून गेले, तर ती माणूस दिसला की पळतात. भाटी जवळ येऊ देत असेल तर तिसऱ्या आठवड्यापासून रोज थोडा वेळ घरातल्या दोघा-तिघांनी पिल्लं हाताळावीत. मात्र महिन्याचं पिल्लू उचलून कुणाला देऊ नका. निदान 8 आठवडे, जमल्यास 12, आईजवळ राहू द्या. दात किती जोरात लावायचे हे ते भावंडांशी खेळूनच शिकतं.

मोठ्या मांजराला कुरवाळताना घाई नडते. खाली बसा, एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीवर, वीतभर अंतरावर धरा आणि थांबा. ते हुंगेल, मग गाल घासेल. गालात आणि हनुवटीखाली गंधग्रंथी असतात; गाल घासून ते तुम्हाला आपला वास लावतं. आता मिशांच्या मागे, हनुवटीखाली, कानाच्या मुळाशी बोटांनी हलकेच खाजवा. तीन सेकंदांनी हात थांबवा. डोकं पुढे रेटलं तर अजून हवंय. शेपटीचं टोक फटकारू लागलं, कान मागे वळले, पाठीची कातडी थरथरली, तर हात काढून घ्या. न कळवता चावलं असं वाटतं, तेव्हा बहुधा हीच खूण नजरेतून सुटलेली असते. पोट उघडं टाकून लोळणं हा विश्वास आहे, पोटाला हात लावायची परवानगी नव्हे.

घरात ‘मनी’ म्हणा, शेजारी कानडीत ‘बा, बा’ म्हणू देत, मांजराला दोन्ही कळतं. रोज त्याच सुरात हाक आणि पाठोपाठ खाणं मिळालं की झालं.

खानापूरकडच्या पावसात मांजर दिवसचे दिवस सोप्यात अडकतं आणि माणसाच्या पायांत घोटाळतं. त्याला खेळ हवा असतो. काठीला कोंबडीचं पीस बांधून दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटं खेळवा, शेवटी पीस पकडू द्या आणि मग जेवण. हाताची बोटं नाचवून खेळवू नका, पुढे तीच शिकार होतात. खेळ झाला की दोरा उचलून ठेवा. गिळला तर आतड्यात अडकतो.

घुरघुर म्हणजे नेहमी आनंदच असं नाही, दुखत असतानाही मांजर घुरघुरतं. रोज मांडीवर येणारं मांजर अचानक कोपऱ्यात बसू लागलं तर आधी आजार धरून चाला. बोका पुन्हापुन्हा कुंथतोय आणि लघवी होत नाही, तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. उद्यावर टाकलं तर जीव जाऊ शकतो.