पावती फाडताना

दुपारी तीनच्या सुमारास बेल वाजली आणि दाराबाहेर कुजबुज ऐकू आली, की उघडण्याआधीच कळतं, गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक आलं. पुढच्या पोराच्या हातात पुस्तक, दुसऱ्याच्या हातात पेन, मागचे दोघं नुसतेच वजनाला. "काका, गेल्या वर्षी पाचशे एक हुतं तुमचं." आपला आकडा आपल्याला आठवत नसतो. त्यांना अख्ख्या पेठेचा पाठ असतो.

साताऱ्यातल्या पुरोगामी माणसाची पंचाईत इथे सुरू होते. देव आहे की नाही हे त्याने कॉलेजातच निकालात काढलेलं असतं. किती लिहायचे, हा प्रश्न मात्र दर श्रावणात नव्याने दारात उभा राहतो. काहीच नाही म्हणावं तर गल्लीतून स्कूटर काढताना मान खाली. हजार एक म्हणावं तर तत्त्वाचं काय? म्हणून पाचशे एक. त्यातला शेवटचा एक मोठा गमतीचा आहे. पत्रिका न बघता लग्न केलेला, अमावास्येला नव्या घरात राहायला गेलेला माणूससुद्धा सरळ पाचशे देत नाही. शून्यावर थांबायला त्याचाही हात धजत नाही.

नास्तिकाने वर्गणी द्यावी का, यावर चहाचे कितीतरी कप रिकामे झालेत. मला वाटतं, त्यापेक्षा त्याने पावती वाचायला शिकावं. चांगल्या पुस्तकात प्रत्येक नंबर दोनदा छापलेला असतो, एक फाडून द्यायच्या पावतीवर आणि एक पुस्तकात राहणाऱ्या स्थळप्रतीवर. ते जुळले पाहिजेत. रक्कम अंकात आणि अक्षरातही हवी. नुसत्या अंकात असेल, तर १५०१ चे ५०१ व्हायला काही खोडावंही लागत नाही. स्थळप्रतीवर एक काडी द्यायची विसरली की झालं. कार्बन उलटा घातला तर आकडा पावतीच्याच पाठीवर उमटतो आणि खालची प्रत कोरी राहते. बहुतेकदा हा निव्वळ गाढवपणा असतो, पण हिशेबाच्या दिवशी तो लबाडीसारखाच दिसतो.

मग वरच्या कोपऱ्यातला नोंदणी क्रमांक. मंडळ नोंदलेलं नसेल तर वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची तात्पुरती परवानगी लागते. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातलं कलम ४१ क. उत्सव आटोपला की हिशेबही द्यायचा असतो. "परवानगी काढलीय का रे?" असं विचारलं की पोरं एकमेकांकडे बघतात आणि "अध्यक्षांकडं हाय" म्हणतात. अध्यक्ष पोवई नाक्यावर असतो. नेहमीच.

आता पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर क्यूआर कोड चिकटवलेला असतो. स्कॅन केल्यावर मंडळाचं नाव यायला हवं. एखाद्या पोराचं नाव आलं, तर आपले पाचशे एक त्याच्या पगाराशेजारी आणि गाडीच्या हप्त्याशेजारी जाऊन बसतात. पोराची दानत कितीही चांगली असो, पाच तारखेला हप्ता कापून घेताना बँक दानत बघत नाही.

तशी साताऱ्याला वर्गणी नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी घराघरांतल्या बायकांना मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायला सांगितलं. त्या मुष्टिफंडावर पोरं जेवली आणि शिकली. १९२४ साली इथे सुरू झालेल्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एकाच पंगतीला बसायची, आणि धान्याची कोठी रिकामी झाली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिलं. मंगळसूत्राची गोष्ट आम्ही लोक भाषणात हमखास सांगतो. मुठीची तितकी सांगत नाही. मूठ रोज काढावी लागते ना!

आवाजाचं मात्र खरं भांडण आहे. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले फार तर १५ दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं. हे २००० सालचे नियम. डेसिबलचं गणित बाजारातल्या वजनकाट्यासारखं नसतं. आकडा दहाने वाढला की आवाजाची ऊर्जा दहापट होते, म्हणजे ५५ चे ८५ झाले तर हजारपट. त्यामुळे "थोडाच वाढवलाय काका" हे वाक्य कधीच खरं नसतं. साताऱ्यातल्या राजपथावरच्या दोन्ही बाजूंच्या जुन्या भिंतींमध्ये तो घुमतो तो वेगळाच. शिवाय या नियमात मंडप, मशीद, हरिनाम सप्ताह, नगरसेवकाचा वाढदिवस असा भेद नाही. तरी एका भोंग्याबद्दल बोलताना काहींना संस्कृती आठवते, दुसऱ्या भोंग्याबद्दल बोलताना काहींना अल्पसंख्याक आठवतात, आणि आकडा दोघेही विसरतात. मी आधी आपल्या पेठेतल्या डॉल्बीबद्दल बोलावं या मताचा. त्या पोरांना निदान नावाने हाक मारता येते.

आणि खड्डे! त्याबद्दल पुरोगामी-प्रतिगामी सगळ्यांचं एकमत असतं, पण बोलत कोणीच नाही. मंडपाच्या खांबांसाठी डांबरात पहारीने भोकं पाडतात. मंडप उतरला की त्यात माती लोटून वरून दोन लाथा मारतात. मग परतीचा पाऊस त्या भोकातून डांबराखाली शिरतो, खालचा मुरूम वाहून नेतो, वरचा थर अधांतरी राहतो, आणि चाकं जाऊन जाऊन कडा मोडतात. दिवाळीपर्यंत वाटीएवढ्या भोकाची परात झालेली असते. वाळूने भरलेल्या पिंपात खांब उभा केला तर हे होत नाही. दोनशे लिटरचं पिंप भरलं की वजन तीनशे किलोच्या वर जातं, हलायचं नाव घेत नाही. फक्त खांबांना आडवे-तिरके बांबू नीट बांधायला हवेत, नाहीतर पहिल्याच वाऱ्याला ताडपत्री शिडासारखी फुगते. पिंपाचं भाडं वाचवायला रस्ता फोडतात, आणि रस्ता पुन्हा करायचे पैसे घरपट्टीतून, म्हणजे वर्गणीच, पण बिनपावतीची.

मंडप उतरतो, पोरं मात्र कुठे जात नाहीत. निवडणुकीला तीच पोरं मतदान केंद्रापासून शंभर मीटरच्या पलीकडे बसलेली दिसतात. एक टेबल, दोन खुर्च्या, एवढाच थाट. टेबल बहुधा मंडपातलंच. यादीत तुमचं नाव कोणत्या पानावर आहे, सूनबाईंचं नाव अजून माहेरच्या पत्त्यावर कसं आहे, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू कधी गेले, हे त्यांना अर्ध्या मिनिटात सांगता येतं. दर श्रावणात दोन-तीनदा घर न् घर फिरल्यावर कोणालाही येईल. आम्ही विचारांची माणसं व्याख्यानाला जातो, दुसऱ्या रांगेत बसतो, प्रश्नोत्तरांच्या वेळी प्रश्न कमी आणि निवेदन जास्त करतो. आपल्या गल्लीत घरं किती, असं कोणी विचारलं तर खिडकीतून बघून मोजावी लागतील. निवडणुकीचा निकाल लागला की लोकांना काय झालंय, यावर मात्र आमचं ठाम मत असतं.

पोरगं अजून दारात उभंच असतं. पेनाचं टोपण दातात.

"किती लिहू, काका?"

"पाचशे एक. अक्षरातही लिही. आणि कार्बन बघ आधी."

तो कार्बन बघतो, सरळ करतो, नीट लिहितो, नंबर जुळवून दाखवतो. पाचशेची नोट हातात घेतल्यावर मग सुट्ट्या रुपयाची शोधाशोध सुरू होते. आपल्या खिशात नसतो, फ्रीजवरच्या वाटीत नसतो, त्यांच्या पिशवीतही नसतो. "ऱ्हाऊ द्या काका," म्हणून ते जिना उतरू लागतात. पावतीवर पाचशे एकच.