डिचोली ते कोल्हापूर, व्हाया अर्थिंगचा खड्डा

आजऱ्याला मावशीच्या पडवीत रात्री साडेनऊला इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जरचा दिवा लाल लागला, तेव्हा मी काही न बोलता डिकीतून व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर काढला. बायको म्हणाली, "परत?" मावशीला वाटलं गाडीच बिघडली. "गाडी ठीक आहे गं, तुझ्या घराला अर्थिंग नाही," असं मी म्हटलं आणि ते तिला जरा लागलंच. काकांनी हौसेने बांधलेलं घर, आणि भाचा गोव्याहून येऊन त्यात खोट काढतोय.

पण खोट होती. अर्थिंग म्हणजे गळणारी वीज जमिनीत उतरवणारी तिसरी वायर. न्यूट्रल (विजेची परतीची वायर) आणि अर्थच्या मध्ये मीटर ३८ व्होल्ट दाखवत होता. हा आकडा दोन-तीनच्या आत हवा. तिसऱ्या पिनेच्या भोकात वायर होती, पण ती भिंतीत कुठे जाऊन संपते हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मिक्सर, टीव्ही, फ्रिज अशा घरात वर्षानुवर्षं चालतात, कारण ते अर्थ तपासत नाहीत. गाडीचा चार्जर तपासतो आणि मिळाला नाही तर हटून बसतो.

मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, आई आणि मुलगी, अंबाबाईला जाऊन आलो. वाट डिचोली, दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी, आंबोली, आजरा, उत्तूर, निपाणी, कोल्हापूर. एका बाजूला दोनशेच्या आतबाहेर किलोमीटर. चोर्ल्यावरून बेळगाव गाठून हायवेने जाणं जास्त सरळ, पण आईला बहिणीकडे मुक्काम हवा होता. म्हणून आजऱ्याला दोन रात्री आणि मधल्या दिवशी कोल्हापूर, असा बेत ठरला.

गाडी टाटाची नेक्सॉन, ४०.५ किलोवॉट-तासांच्या, म्हणजे तेवढ्याच युनिटच्या, बॅटरीची, सेकंडहँड घेतलेली. घरून १०० टक्क्यांवर निघालो, सावंतवाडीला ८४ होते. तिथून आंबोलीचा घाट. ईव्ही घेतलेल्या नव्या माणसाला घाट म्हटलं की पोटात गोळा येतो, म्हणून हिशेब सांगून टाकतो. गाडी, चार माणसं आणि आईने बहिणीसाठी घेतलेले मानकुराद आंबे धरून अठराशे किलो. ते सहाशे मीटर वर उचलायला लागतात साधारण तीन युनिट. म्हणजे घाटाचा जादा खर्च या बॅटरीच्या सात-आठ टक्के, एवढाच. तेवढीच गाडी सपाटीवर वीसेक किलोमीटर गेली असती. आंबोलीला ६७ राहिले, आजऱ्याला ५६. इथवर गाडीने काही त्रास दिला नाही, आणि पुढेही दिला नाही. जो काही त्रास झाला तो भिंतीतल्या वायरींनी दिला. तो मला नवा नव्हता, कारण हीच शिकवणी मी वर्षभर घरी फी भरून घेतली होती.

गाडीबरोबर मला सॉकेटला लावायचा १५ अँपिअरचा हातातला चार्जर मिळाला. ७.२ किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जिंगचा डबा पहिल्या मालकाच्या भिंतीवरच राहिला. डब्याशिवाय ईव्ही म्हणजे हेल्मेटशिवाय स्कूटर, असं मला तेव्हा वाटायचं. ऑनलाइन एक मागवला. वायफाय, अ‍ॅप, रंगीत दिवे, सगळं. कंपनी परराज्यातली. बसवणाऱ्याने दोनदा तारीख चुकवली, तिसऱ्यांदा आला आणि तासाभरात चार स्क्रू पिळून गेला. अर्थिंग बघितलं का विचारलं, तर म्हणाला, घराचं आहे ना, चालतं. श्रावण होता, खरंच चाललं. ऑक्टोबरात परतीच्या पावसात शेजारच्या माडावर वीज पडली आणि डबा मेला. कंपनीचं उत्तर आलं: काढून कुरिअरने पाठवा. डबा साडेपाच आठवडे गावाला गेला होता.

ते साडेपाच आठवडे मी रोज डिचोली-पणजी-डिचोली केलं, त्याच हातातल्या चार्जरवर. साठेक किलोमीटर, म्हणजे आठ-नऊ युनिट, म्हणजे जेमतेम तीन तास. रात्री दहाला प्लग लावायचा, एकला गाडी भरलेली आणि आपण घोरत. डबा परत आला तेव्हा तो बसवायची मला घाई राहिली नव्हती.

मुळात भिंतीवरच्या डब्याला चार्जर म्हणणंच चूक आहे. घरातल्या एसी विजेचा बॅटरीला लागणारा डीसी करणारा खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. डबा म्हणजे गाडीशी बोलून वीज सोडणारा-तोडणारा शहाणा स्विच. म्हणून आधी बघायचं ते आपल्या गाडीच्या पोटातला चार्जर किती किलोवॉटचा आहे. तो ३.३ चा असेल तर ७.२ चा डबा लावून एक मिनिटही वाचणार नाही. ७.२ चा असेल तर सिंगल फेजवर तो ३२ अँपिअर ओढणार. गोव्यातल्या जुन्या घरांत मंजूर भार किती, हे वीज खात्याच्या बिलावर छापलेलं असतं. ते बिल काढा आणि वाचा. पंप, गिझर आणि गाडी एकदम चालू झाली तर मेन स्विच पडणारच. मग भार वाढवायचा अर्ज, कदाचित थ्री फेज. ते होतं, पण दुकानात पैसे मोजण्याआधी करायचं काम आहे.

माझं मत विचाराल तर, रोज शंभर किलोमीटरच्या आत फिरणाऱ्याला १५ अँपिअर पुरतो. दहा तासांत साधारण तीस युनिट जातात, म्हणजे जवळजवळ दोनशे किलोमीटर. गोव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाऊन आलात तरी तेवढंच. टॅक्सी चालवत असाल किंवा घरात दोन ईव्ही असतील, तर डबा घ्या. मात्र तो किती हुशार आहे यापेक्षा बंद पडला तर डिचोलीत कोण येणार, हे विचारून घ्या. आपल्याकडे बाजार लहान. मुंबई-पुण्यात दोन दिवसांत माणूस येतो तिथे आपल्याकडे कुरिअर येतं. म्हणून गाडीच्या डीलरकडून मिळणारा साधा, अ‍ॅप नसलेला डबा, ज्याचा मेकॅनिक म्हापशाहून किंवा पणजीहून येऊ शकतो, तो मला जास्त आवडतो. आणि हातातला चार्जर कधीही विकू नका.

वाचलेले पैसे वायरिंगवर घाला. मीटरपासून गाडीपर्यंत वेगळी लाइन, १५ अँपिअरसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ३२ साठी निदान ६ ची, लांब असेल तर १०. वेगळा एमसीबी, म्हणजे जादा भार आला की पडणारा स्विच. वेगळी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, तीही टाइप ए. आणि वीज पडणाऱ्या आपल्या मुलखात विजेचा अचानक झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर, जो माझ्याकडे ऑक्टोबरात नव्हता. सॉकेट साधा मॉड्युलर लावू नका. तासन्‌तास तेरा-चौदा अँपिअर ओढले की तो आधी पिवळा पडतो, मग वितळतो. निळा इंडस्ट्रियल सॉकेट घ्या. तोही छपराखाली आणि तोंड खाली करून, कारण आपल्याकडचा पाऊस आडवा येतो. डब्यात मुंग्या घर करतात, त्या वेगळ्याच.

हे सगळं मी नोव्हेंबरात करून घेतलं आणि निवांत झालो. एप्रिलच्या शेवटी एका रात्री लाल दिवा. वायर नवी, सॉकेट नवा, चार्जर ठीक. आमचा वायरमन आला, घरामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यापाशी उकिडवा बसला, बोटाने माती उकरून चिमटीत चुरली आणि म्हणाला, "अर्थींग सुकलां."

आपल्या घरांखाली जांभा. पावसाळ्यात तो पाणी धरून असतो आणि वीज जमिनीत मुकाट उतरते. एप्रिल-मेमध्ये तोच खडक ठणठणीत कोरडा होतो आणि वीज घ्यायला नाही म्हणतो. श्रावणात तपासलेलं अर्थिंग मेमध्ये खोटं ठरतं ते असं. न्हाणीचं पाणी जिथे जिरतं त्या बाजूला वायरमनने नवा खड्डा मारला. पाइप, कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी, मजुरी धरून साडेसहा हजार. आधी ११ व्होल्ट दाखवणारा मीटर १.४ वर आला. खड्ड्याच्या तोंडाशी त्याने पाणी ओतायला एक नळी ठेवली आहे. सकाळी तुळशीला पाणी घातलं की आई उरलेली कळशी तिथे रिकामी करते. पहिले दोन दिवस कुरकुरली, आता तिला ते आपलंच काम वाटतं.

तर आजरा. पडवीतला सॉकेट बाद झाल्यावर मी काकांना विचारलं, बोअरच्या पंपाला वेगळं अर्थिंग आहे का? होतं. पंप बसवणाऱ्याने गोठ्यामागे खड्डा मारला होता आणि तिथे सतत पाणी गळत असल्यामुळे जमीन ओली. तिथल्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर मीटर १.८ दाखवू लागला. कोणाच्या घरी मुक्कामी जात असाल तर हे लक्षात ठेवा: दिवाणखान्यात शोधू नका, पंपाकडे किंवा वॉशिंग मशीनकडे शोधा.

गाडी मागच्या अंगणात, म्हशीपासून चार हातांवर लावली. माझ्याकडे दहा मीटरची, ४ चौरस मिलिमीटरची तीन-कोअर एक्स्टेन्शन आहे, घरी वायरमनकडून करून घेतलेली. तिचं वेटोळं पूर्ण सोडवून जमिनीवर पसरलं. गुंडाळलेली ठेवली तर ती तापते. टीव्हीसाठी मिळणारी पांढरी एक्स्टेन्शन या कामाला चुकूनही वापरू नका. वीस मिनिटांनी प्लगवर हात ठेवून बघितला. कोमट होता. हात टिकला नसता तर काढला असता, मग सकाळी कोल्हापूर राहिलं तरी चालेल.

मावशी दारात उभी राहून बघत होती. "किती वेळ लागंल रं?"
"सकाळपर्यंत."
"म्हशीला वैरण टाकली की तासात उरकतंय. हिला रातभर?"

व्होल्टेज १९५ च्या आसपास होतं, त्यामुळे वेग अडीच किलोवॉटच्या थोडा वर. पहाटे तासभर लाइट गेली, आल्यावर चार्जिंग आपोआप सुरू झालं. सहा वाजता ८९ टक्के. कोल्हापूरला पोचलो ५८ वर. देवळातून आल्यावर म्हटलं, थोडी भरून घेऊ. फास्ट चार्जरच्या ठिकाणी एक मशीन बंद, दुसऱ्यावर टॅक्सी, आणि अ‍ॅपमध्ये मात्र दोन्ही रिकामी. युनिटला वीसच्या पुढे दर आणि वर १८ टक्के जीएसटी मोजायची तयारी असूनही कोणी घ्यायला नव्हतं. आम्ही मिसळ खाल्ली आणि निघालो. आजऱ्याला २७ वर आलो आणि पुन्हा म्हशीशेजारी. रात्रीच्या सॉकेटची सोय पक्की असेल तर वाटेतला चार्जर नशिबाचा भाग म्हणून सोडून देता येतो. ती नसेल तर एका मशीनवर बेत आखू नका. चाळीस टक्क्यांच्या खाली जायच्या आत दुसरं ठिकाण हाताशी ठेवा.

विजेचे पैसे मावशीने अर्थातच घेतले नाहीत. दोन रात्रींत चाळीसेक युनिट गेले असतील. मी काकांना पंपाचा स्टार्टर तपासून दिला, दोन सैल स्क्रू आवळले आणि पडवीच्या अर्थिंगसाठी वायरमन बोलवा म्हणून सांगितलं. यजमानाला युनिटचा आकडा आधीच सांगावा, म्हणजे बिल बघून मनात काही राहत नाही.

परतताना आंबोलीला ६० टक्के होते, घाट उतरून दाणोलीला आलो तर ६२, कारण उतारावर गाडी वीज बनवून बॅटरीत परत घालते. मुलीने या आकड्याचा फोटो काढला. मात्र आंबोलीतच मुक्काम करून १०० टक्के भरून निघालात तर ही गंमत मिळणार नाही. भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज जायला जागा नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. वर राहणार असाल तर नव्वदला थांबा.

फ्लॅटवाल्यांचं वेगळं. पर्वरीला माझ्या चुलतभावाचं मीटर जिन्याखाली आणि पार्किंग चाळीस मीटरवर. सोसायटी म्हणते, परवानगी नाही. घरच्याच वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते, असं केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे. तो कागद छापून सभेत ठेवल्यावर सूर जरा मऊ झाला. वायर कुठून न्यायची यावर मात्र अजून भांडण चालू आहे. फ्लॅट असेल तर आधी वायरीची वाट ठरवा, मग गाडी बुक करा.

डिचोलीला पोचलो तेव्हा ४३ टक्के. मी बॅगा काढत होतो तोवर आई कळशी घेऊन न्हाणीमागे गेली होती. तीन दिवस खड्ड्याला पाणी नव्हतं.