जुळवायचं ते काय, सोडायचं ते काय

पुनर्विकासाच्या बैठकांमध्ये हा प्रश्न हमखास निघतो: नवी इमारत शेजारच्या घरांसारखी दिसावी का? आज त्याचं उत्तर नीट लिहून काढतोय. माझ्या मते तिने शेजाऱ्यांची नक्कल करू नये, पण त्यांच्या रांगेत बसावं.

मुंबईत हे पूर्वी करून दाखवलेलं आहे. दादाभाई नौरोजी रस्ता तेव्हा हॉर्नबी रोड होता. १८९६ च्या नियमाने तिथल्या इमारतींना तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूने पादचाऱ्यांसाठी कमानींचा व्हरांडा सक्तीचा झाला. वरचे मजले ज्याने त्याने आपापल्या आवडीने सजवले, म्हणून एकही इमारत दुसरीसारखी नाही. तरी रस्ता एकसंध वाटतो, आणि भर जुलैमध्ये माणूस बराचसा कोरडा चालत जातो. सक्ती झाली ती चालणाऱ्याला लागणाऱ्या गोष्टीची, नक्षीची नव्हे. गिरगावची वाडी असो, वांद्र्याचं गावठाण असो की हिंदू कॉलनी, मला हाच निकष पटतो.

सुरुवात जोत्यापासून करावी, कारण इथली चूक शेजाऱ्याच्या घरात शिरते. पाणी तुंबतं म्हणून नव्या घरासाठी सगळ्या प्लॉटवर दोन-अडीच फूट भराव टाकतात. नवं घर कोरडं राहतं आणि तेच पाणी बाजूच्या जुन्या ओट्यावर चढतं. उंच करायची ती घरातली जमीन. अंगण गल्लीच्या पातळीलाच ठेवायचं, पायऱ्या आपल्या हद्दीत घ्यायच्या आणि अंगणाचा उतार गटाराकडे द्यायचा, शेजारच्या भिंतीकडे नाही.

मग मजल्याची उंची. जुन्या इमारतीत मजला अकरा-बारा फुटांचा, नव्यात साधारण साडेनऊचा. जुने चार मजले म्हणजे अठ्ठेचाळीस फूट, नवे पाच म्हणजे साडेसत्तेचाळीस. एकूण उंची जुळल्यासारखी दिसते, पण खिडक्यांची एकही ओळ जुळत नाही, आणि खटकतं ते तिथे. यावर सोपा उपाय आहे. तळमजला बारा फुटांचा करून पहिला स्लॅब आणि पहिला छज्जा शेजाऱ्याच्या रेषेत आणावा, वरचे मजले आपल्या मापाने जाऊ द्यावेत. एवढ्याने एकूण उंची अडीच फुटांनी वाढते, ती नकाशातच धरून ठेवावी. बारा-पंधरा फुटी गल्लीत चालणाऱ्याची नजर बहुतेक पहिल्या मजल्यापर्यंतच जाते. चार-सहा इंचांचा फरक चालतो, दोन फुटांचा चालत नाही.

रस्त्याचं सर्वात मोठं नुकसान स्टिल्ट पार्किंगने, म्हणजे तळमजला नुसत्या खांबांवर उचलून खाली गाड्या लावण्याने होतं. जिथे ओटा, दुकान किंवा खिडकी असायची, तिथे नुसते खांब आणि अंधार उरतो. प्लॉटची खोली पुरेशी असेल तर दर्शनी दहा फुटांत सोसायटीचं ऑफिस, वॉचमनची खोली, एखादं दुकान घ्यावं आणि गाड्या मागे लावाव्यात. एकेरी वाटेला दहा फुटांचं तोंड पुरतं. अख्खा दर्शनी भाग गाड्यांना द्यायची गरज नसते.

गॅलऱ्या का गेल्या, त्याचं कारण हिशेबात आहे. पूर्वी ठरावीक मर्यादेपर्यंत बाल्कनी एफएसआयच्या (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं, त्या प्रमाणाच्या) बाहेर असायची. मुंबईच्या बांधकाम नियमांतल्या २०१२ च्या दुरुस्तीने ती एफएसआयमध्ये मोजली जाऊ लागली आणि निवासी इमारतींना ३५ टक्के फंजिबल एफएसआय, म्हणजे हवं तिथे वापरता येणारं जादा क्षेत्र, मिळाला. बहुतेकांनी तो खोल्यांना वापरला आणि दर्शनी भिंत सपाट झाली. सभासदांनी त्यातलं थोडं क्षेत्र गॅलरीसाठी राखून ठेवावं असं मला मनापासून वाटतं. रस्त्याकडे बघणारी माणसं असली की रस्ता राखला जातो.

खिडकीच्या बाबतीत जुनं माप सरळ उचलावं, कारण ते पावसाने आणि उकाड्याने घडवलेलं आहे. साडेतीन फूट रुंद, पाच फूट उंच, दोन्ही झडपा पूर्ण उघडणाऱ्या. सहा बाय चारची दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी एका वेळी अर्धीच उघडते. रुंद खिडकी हवीच असेल तर मध्ये नऊ इंचांची भिंत ठेवून दोन उभ्या खिडक्या कराव्यात. वर छज्जा दोन फुटांचा, बाहेरच्या बाजूला उताराचा. त्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून इंचभर आत, अर्ध्या इंचाची खाच हवीच. ती नसली तर पाणी छज्ज्याच्या पोटाखालून भिंतीवर येतं आणि दोन पावसाळ्यांत काळे ओघळ उतरतात. जुन्या इमारती म्हाताऱ्या होऊनही नीटस दिसतात त्यात या खाचेचा मोठा वाटा आहे.

आता नक्कल. बाहेरच्या भिंतीला थर्मोकोलच्या कॉर्निस (नक्षीच्या पुढे आलेल्या पट्ट्या) चिकटवून वर रंग मारतात; सांधे तडकतात आणि पाणी मागे शिरतं. पीओपी तर बाहेर वापरूच नये, ते पाण्याने विरघळतं. जीआरसीचे (काचतंतू घातलेल्या काँक्रीटचे) तयार तुकडे टिकतात, पण ते साध्या लोखंडी बोल्टवर टांगले तर समुद्राच्या हवेत गंजून तुकडा खाली माणसांवर येईल. ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील वापरायचं नसेल तर नक्षी लावूच नये. कौलांचंही तसंच. उतरत्या स्लॅबवर मंगलोरी कौलं सिमेंटने चिकटवली की खालची ओल अडकते, शेवाळ धरतं, आणि एक कौल बदलायला चार फुटतात. स्लॅबवर रिपा (पट्ट्या) मारून कौलं सुटी बसवावीत आणि उतार फुटाला सात इंचांच्या आसपास ठेवावा. तेवढं करायचं नसेल तर साधी गच्ची प्रामाणिक दिसते.

करारावर सह्या होण्याआधी आर्किटेक्टकडून एक चित्र मागावं: आपल्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन इमारतींसह रस्त्याची दर्शनी बाजू, एकास शंभर मापात, जोतं, खिडकीचा तळ, लिंटेल (खिडकीवरची आडवी तुळई), छज्जा आणि गच्चीचा कठडा यांच्या रेषा सगळीकडून सलग ओढलेल्या. लेझर मीटरने ही मापं अर्ध्या दिवसात घेता येतात. खिडक्यांची रेषा कुठे घसरली, गेट कुठे जास्त रुंद झालं, ते सभासदांना तिथेच दिसतं, आणि तोवर बदल करायला फक्त कागद खोडावा लागतो.